तीन आठवड्यांत बंद पडलेली केबल आणि लॉर्ड केल्विन

नेट स्लो झालं की आपण आधी एअरप्लेन मोड चालू-बंद करतो. मग फोन रिस्टार्ट. मग राउटरचा प्लग काढून परत लावतो. एवढं करूनही काही झालं नाही की कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. पण कधी कधी दोष ना फोनमध्ये असतो, ना गल्लीतल्या वायरमध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात आणि आखाती देशांत बऱ्याच जणांचं नेट अडखळत होतं, तेव्हा तुटलेली जागा होती सौदी अरेबियातल्या जेद्दा शहराजवळ, तांबड्या समुद्राच्या तळाशी.

मित्रांनो, देशादेशांमधला जवळजवळ सगळा डेटा समुद्राखालच्या केबलमधूनच जातो, सॅटेलाइटमधून जातो तो अगदी थोडा. आणि या केबल तुटतात. जगभरात वर्षाला साधारण १५० ते २०० वेळा. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: मासेमारीची जाळी नाहीतर जहाजाचा नांगर. तरी आपल्याला यातलं फारसं काही जाणवत नाही, कारण केबल तुटणार हे धरूनच हे नेटवर्क बांधलेलं आहे. तुटलेली जागा किनाऱ्यावर बसून शोधायची पद्धत आहे, आणि डेटा वळवायला दुसरा रस्ता आहे.

हे शहाणपण आलं कुठून, याचा शोध घेत मागे गेलं की एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय, पण तापमानाच्या धड्यात. २७३ केल्विन म्हणजे साधारण शून्य सेल्सिअस, आठवतंय? तोच केल्विन. मला विचाराल तर त्याची खरी भारी गोष्ट तापमानाची नाहीच. ती आहे एका बंद पडलेल्या केबलची.

दहाव्या वर्षी कॉलेजात

त्याचं मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधल्या बेलफास्टला. वडील जेम्स गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि मुलांचं शिक्षण वडिलांनीच अंगावर घेतलं. पुढे वडिलांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं घर तिकडे गेलं. विल्यमने दहाव्या वर्षी त्याच विद्यापीठात नाव घातलं. तिथे हुशार मुलांना लहान वयात घ्यायची पद्धत होती, पण तरी दहा म्हणजे दहाच.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याच्या हाताला फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचं उष्णतेवरचं पुस्तक लागलं. लोखंडाच्या कांबीचं एक टोक तापवलं तर उष्णता दुसऱ्या टोकाला किती वेळात आणि कशी पोचते, याचं गणित त्यात होतं. पोराने ते वाचलं, पचवलं आणि फूरिएच्या बाजूने लेखही छापला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग केंब्रिज, १८४५ च्या परीक्षेत दुसरा नंबर, आणि त्यानंतर काही महिने पॅरिसला रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. रेन्यो वाफेवर काम करायचा आणि मोजमापाच्या बाबतीत भयंकर काटेकोर होता. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, थॉमसन ग्लासगोला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पुढची ५३ वर्षं त्याच खुर्चीवर राहिला. विद्यापीठातलं दारू साठवायचं एक जुनं तळघर मागून घेऊन त्याने तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा थाटली. पुस्तकात वाचून पास होण्यापेक्षा पोरांनी स्वतः मोजावं, असा त्याचा हट्ट. तापमानाचा तो प्रसिद्ध मापक्रम त्याने १८४८ मध्ये मांडला. म्हणजे चोविसाव्या वर्षी.

चहातली पळी आणि समुद्रातली तार

तोवर जमिनीवरून तारायंत्र छान चालू लागलं होतं. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या चिंचोळ्या समुद्रातही तार पडली होती. आता लोकांना अटलांटिक महासागर ओलांडायचा होता. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड, साधारण दोन हजार मैल. अमेरिकन व्यापारी सायरस फील्डने पैसा उभा केला आणि १८५६ मध्ये कंपनी स्थापन झाली.

अडचण अशी होती की पाण्याखालची तार जमिनीवरच्या तारेसारखी वागत नाही. आत तांबं, त्यावर गटापर्चाचं आवरण (हा एका झाडाचा चीक, रबराचा चुलतभाऊ समजा), आणि बाहेर खारं पाणी. तांबं वीज वाहून नेतं, खारं पाणीही नेतं, मधला गटापर्चा नेत नाही. म्हणजे नकळत एक लांबच लांब कपॅसिटर तयार झाला. एका टोकाला वीज सोडली की ती आधी हा कपॅसिटर भरत बसते, आणि पलीकडच्या टोकाला टक्कन सिग्नल मिळायच्या ऐवजी हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी लाट मिळते.

थॉमसनने १८५४-५५ मध्ये हा प्रश्न हातात घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की हे तर फूरिएचंच गणित आहे. उकळत्या चहात स्टीलची पळी ठेवा. दांडा लगेच तापत नाही, उष्णता सरकत सरकत वर येते. दांडा दुप्पट लांब केला तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. केबलचंही तसंच. लांबी दुप्पट, तर विलंब चौपट. लांबी दहापट, तर विलंब शंभरपट. सिग्नल घाईघाईने पाठवले तर ते एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर केबलची बँडविड्थ तिच्या लांबीवर आणि बांधणीवर ठरते, मागून कितीही जोर लावला तरी नाही.

त्यावर त्याचा उपाय सरळ होता. आतलं तांबं जाड करा, आवरण जाड करा, वीज अगदी कमी दाबाने सोडा, आणि पलीकडे बारीकसा सिग्नलही टिपेल असं नाजूक यंत्र बसवा.

कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने सर्जन, हौसेने वीजवाला. त्याला हे वर्गाचं गणित मान्य नव्हतं. स्वतःच्या प्रयोगांवरून त्याने जाहीरपणे सांगितलं की असं काही होत नाही, बारीक तार चालेल. बारीक तार म्हणजे स्वस्त तार, आणि भागधारकांना दुसरं काय हवं असतं? थॉमसन त्याच वर्षी कंपनीचा संचालक झाला, पण तोवर केबलची ऑर्डर गेलेली होती.

त्या ऑर्डरमध्येही एक गंमत झाली. काम दोन कारखान्यांना अर्धं-अर्धं दिलं होतं. एकाने बाहेरच्या लोखंडी तारा डावीकडे पिळल्या, दुसऱ्याने उजवीकडे. दोन्ही तुकडे जोडले की पीळ सुटायला लागणार! मग जोडासाठी खास जुगाड करावा लागला. तयार झालेली केबल बराच काळ उघड्यावर उन्हात पडून होती. गटापर्चा उन्हाने मऊ होतो, त्यामुळे आतलं तांबं जागोजागी मधोमध न राहता एका बाजूला सरकलं. आणि तांबं? थॉमसनने वेगवेगळ्या ठिकाणच्या तांब्याचे नमुने तपासले, तर त्यांच्या वहनक्षमतेत प्रचंड फरक निघाला. दिसायला सगळं सारखंच लाल. तोपर्यंत हे कोणी तपासायचा विचारही केला नव्हता.

सोळा तासांचा मेसेज

ऑगस्ट १८५७ चा पहिला प्रयत्न फसला. जहाज पुढे जाताना केबल मागे समुद्रात सोडत जायची, आणि ती फार वेगाने निसटू नये म्हणून ब्रेक लावायचा. ब्रेक जरा जास्त आवळला गेला आणि केबल तुटली. १८५८ च्या जूनमध्ये दोन जहाजं समुद्राच्या मध्यावर भेटली, केबलची टोकं जोडली आणि विरुद्ध दिशांना निघाली. पुन्हा तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. त्याआधी जाताना अ‍ॅगॅमेम्नॉन हे जहाज अशा वादळात सापडलं होतं की पोटातला कोळसा सुटून इकडून तिकडे आदळत होता. व्हाइटहाउसने तब्येतीचं कारण देऊन जहाजावर जायचं टाळलं होतं. त्याच्या जागी थॉमसन गेला, आणि तोही बिनपगारी.

जुलैअखेर पुन्हा प्रयत्न झाला. ५ ऑगस्ट १८५८ ला केबलची दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली: इकडे आयर्लंडमधलं व्हॅलेन्शिया बेट, तिकडे न्यूफाउंडलंड. लोक अक्षरशः वेडे झाले. न्यूयॉर्कमध्ये एवढी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या छताला आग लागली. उरलेल्या केबलचे तुकडे टिफनीच्या दुकानात आठवण म्हणून विकायला आले. नव्या फोनच्या लाँचला आपण जे करतो, त्याच्या दहापट समजा.

पण आत परिस्थिती वेगळी होती. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गेलेला संदेश शंभरपेक्षाही कमी शब्दांचा होता. तो पोचायला सुमारे सोळा तास लागले! आणि तेवढा तरी पोचला तो थॉमसनच्या यंत्रामुळे.

हे यंत्र मला फार आवडतं. कपड्याच्या बटणापेक्षाही हलका एक इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चिमुकले लोहचुंबक, आणि तो आरसा रेशमाच्या एका धाग्याला टांगलेला. भोवती तारेचं वेटोळं. केबलमधून कणभर वीज आली की आरसा किंचित वळतो. त्यावर दिव्याचा झोत सोडलेला असतो, त्यामुळे समोरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका चांगला इंच-दोन इंच सरकतो. प्रकाशाच्या किरणाला वजन नसतं, म्हणून काटा कितीही लांब करता येतो. उजवीकडे सरकला तर एक खूण, डावीकडे सरकला तर दुसरी. अंधाऱ्या खोलीत माणूस तासन् तास त्या ठिपक्याकडे बघत बसायचा.

व्हाइटहाउसला हे पसंत नव्हतं. त्याचा भरवसा स्वतःच्या पाच-पाच फुटी इंडक्शन कॉइलवर. सिग्नल क्षीण येतोय म्हटल्यावर त्याने दाब वाढवला. सुमारे २,००० व्होल्टपर्यंत. आधीच उन्हाने खराब झालेलं आवरण, त्यात एका बाजूला सरकलेलं तांबं, आणि त्यावर हा मारा. सिग्नल आणखी क्षीण झाला. विशेष म्हणजे याच काळात तो गुपचूप थॉमसनच्याच आरशावर संदेश वाचत होता आणि ते आपल्या यंत्राने वाचले असं दाखवत होता. हे बाहेर आल्यावर कंपनीने त्याला काढलं.

इथे थॉमसनने काय केलं असेल? ज्याने आपलं ऐकलं नाही, आपल्या यंत्राचं श्रेय लाटलं, त्या माणसाला परत बोलवू नका म्हणायची आयती संधी होती. पण त्याने संचालक मंडळाकडे व्हाइटहाउसची बाजू मांडली, आणि मध्ये पडल्याबद्दल मंडळाकडून स्वतःच बोलणी खाल्ली.

सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत केबल निकामी झाली. धड तीन-चार आठवडेही चालली नाही. त्यानंतर काही आठवडे मधूनच एखादा थरथरता सिग्नल यायचा, तोही ऑक्टोबरमध्ये थांबला. जी माणसं महिन्यापूर्वी फटाके उडवत होती, त्यांच्यातलेच काही म्हणू लागले की केबल कधी चाललीच नाही, सगळी शेअरबाजारातली थाप होती.

मात्र तेवढ्या दिवसांत तिने एक काम केलं होतं, आणि त्याचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे. १८५७ चा उठाव मोडायला कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना भारताकडे निघण्याचे आदेश गेलेले होते. दरम्यान लंडनला वाटू लागलं की आता त्यांची गरज नाही. जहाजाने पत्र पाठवलं असतं तर ते पोचेपर्यंत पलटणी निघून गेल्या असत्या. केबलवरून आदेश रद्द केला गेला आणि सरकारचे सुमारे ५०,००० पाउंड वाचले. सत्तेला नेटवर्क कशासाठी हवं असतं, हे यातून बरंच कळतं.

पडझडीचा हिशेब

आता खरा मुद्दा. केबल का मेली? व्हाइटहाउसच्या २,००० व्होल्टमुळे, हे उत्तर सोयीचं आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच वाचायला मिळतं. माझं मत जरा वेगळं आहे. चांगली केबल असती तर कदाचित तिने तो मारही सोसला असता. ही केबल घडतानाच आजारी होती, आणि ती आजारी आहे हे सांगणारं एकही माप कोणाकडे नव्हतं. तांबं किती चांगलं? ठाऊक नाही. आवरण किती गळतं? ठाऊक नाही. एका कारखान्याने नोंदवलेला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघावा, तर दोघांचं एकक वेगळं.

त्यात आणखी एक मोठा फटका बसला. १८५९-६० मध्ये सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत, म्हणजे भारताशी थेट जोडणारी केबल टाकली गेली. तीही १८६० मध्ये बंद पडली. ब्रिटिश सरकारने भागधारकांना परताव्याची हमी दिली होती, त्यामुळे बंद केबलचे पैसे सरकार वर्षानुवर्षे भरत राहिलं. मग मात्र चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. तोपर्यंत जगात समुद्राखाली सुमारे ११,००० मैल केबल टाकली गेली होती, आणि त्यातली चालू होती जेमतेम ३,००० मैल. समितीपुढे थॉमसननेही साक्ष दिली. केबल कशी बनवावी, कशी तपासावी, कशी साठवावी याचं पहिलं सविस्तर पुस्तक म्हणजे हा अहवाल.

त्याच वर्षी थॉमसनच्या आग्रहावरून ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संघटनेने विद्युतरोधाचं प्रमाण एकक ठरवायला समिती नेमली. त्या समितीच्या कामातून जे एकक पक्कं झालं, ते म्हणजे ओहम. दहावीच्या पुस्तकातला तोच ओहम, ज्याची गणितं सोडवताना आपण कंटाळतो. त्याच्या जन्मामागे समुद्रात बुडालेले लाखो पाउंड आहेत.

एकक ठरलं की काय जादू होते बघा. समजा तुमच्या केबलचा रोध मैलामागे अमुक ओहम आहे हे कारखान्यातच मोजून ठेवलं आहे. उद्या कुठेतरी आवरण फाटलं आणि तांबं समुद्राच्या पाण्याला टेकलं, तर वीज तिथून समुद्रात उतरते. किनाऱ्यावरून रोध मोजायचा, मैलामागच्या आकड्याने भागायचं, आणि दोष किती मैलांवर आहे ते हातात. प्रत्यक्षात फाटलेल्या जागेचा स्वतःचाही रोध असतो, म्हणून दोन्ही टोकांनी मोजून हिशेब लावावा लागतो, पण मूळ कल्पना एवढीच. १८५८ ची केबल मेल्यावर थॉमसन आणि इतरांनी असाच हिशेब लावून दोष आयर्लंडच्या बाजूला दोन-तीनशे मैलांवर असल्याचा अंदाज बांधला होता. तेव्हा आकडे कच्चे होते. पुढे ते पक्के होत गेले.

आजची फायबर काचेची असते, तिथे ओहमचा उपयोग नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातली फायबर तुटली होती. दुरुस्तीला आलेल्या दादांनी डब्याएवढं एक यंत्र जोडलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं की कट साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. चालत गेलो तर तिथे जेसीबीने रस्ता उकरून ठेवलेला! त्या यंत्राला ओटीडीआर म्हणतात. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं, तुटलेल्या जागेवरून उलटून आलेला प्रकाश टिपतं आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो, त्यामुळे हिशेब सोपा. थॉमसनने मोजला रोध, हे मोजतं वेळ. बसल्या जागेवरून मोजायची युक्ती तीच.

दोन केबल

१८६० च्या हिवाळ्यात थॉमसन बर्फावर कर्लिंग खेळताना पडला आणि मांडीचं हाड मोडलं. तो कायमचा लंगडत चालू लागला. घरी पत्नी मार्गारेट लग्नानंतर थोड्याच काळात आजारी पडली होती आणि कधी पूर्ण बरी झालीच नाही. अशा दिवसांतही तो केबलच्या मागे लागून राहिला.

१८६५ ला नवी केबल तयार झाली, यावेळी थॉमसनच्या म्हणण्याप्रमाणे. तांबं जवळजवळ तिप्पट, आवरण जाड, इंच न् इंच तपासलेलं. आणि ती पूर्ण केबल एकटं पोटात घेऊ शकेल असं त्या काळातलं सगळ्यात मोठं जहाज, ग्रेट ईस्टर्न. लांबी २११ मीटर. थॉमसन जहाजावर होताच. वाटेत केबलमध्ये दोष सापडायचे, की ती मागे ओढून दुरुस्त करायची. एकदा आवरणात घुसलेला तारेचा तुकडाच सापडला, तेव्हा कोणीतरी मुद्दाम केलं असा संशयही आला. २ ऑगस्टला अशीच ओढत असताना केबल तुटली आणि दोन मैलांहून खोल पाण्यात गेली. गळ टाकून ती पकडलीही, पण दरवेळी दोरच तुटला. तुटली तेव्हा सुमारे १,२०० मैल केबल टाकून झाली होती. जहाज रिकाम्या हाताने परतलं.

पुढच्या वर्षी ते पुन्हा निघालं, आणखी एक नवी केबल घेऊन. २७ जुलै १८६६ ला ती न्यूफाउंडलंडला पोचली आणि चालू झाली. एवढ्यावर थांबले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. पण जहाज मागे फिरलं, गेल्या वर्षी तुटलेल्या जागी गेलं, अथांग पाण्यात पुन्हा गळ टाकले आणि सप्टेंबरमध्ये ते हरवलेलं टोक वर काढलं. तपासलं, तर केबल जिवंत! तिला नवा तुकडा जोडून तीही किनाऱ्याला नेली.

म्हणजे आता अटलांटिकच्या तळाशी एक नाही, दोन केबल होत्या. एक गेली तरी दुसरी चालू. नेटवर्कच्या भाषेत याला रिडंडन्सी म्हणतात. ती नसेल तर काय होतं ते टोंगाने जानेवारी २०२२ मध्ये पाहिलं. त्या देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल एकच. समुद्रातल्या ज्वालामुखीच्या स्फोटात ती तुटली आणि दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले.

या दोन केबलवर लॅटिमर क्लार्क नावाच्या इंजिनिअरने एक झकास प्रयोग केला. पलीकडची टोकं एकमेकांना जोडून जाऊन-येऊन सुमारे ३,७०० मैलांचा एकच फेरा तयार केला. मग शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तान्यात थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून चिमुकली बॅटरी बनवली, आणि तेवढ्या विजेवर अटलांटिकच्या जाण्या-येण्याचा सिग्नल थॉमसनच्या आरशाने टिपला. आठ वर्षांपूर्वी २,००० व्होल्टने जे जमलं नव्हतं, ते एका अंगुस्तान्याने केलं.

त्याच वर्षी थॉमसनला सर ही पदवी मिळाली. १८६७ मध्ये त्याने सायफन रेकॉर्डर बनवला. यात काचेची केसाएवढी नळी कागदाच्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ काढत जायची, त्यामुळे ठिपक्याकडे डोळे फाडून बसायची गरज उरली नाही. पेटंटमधून त्याला पैसाही चांगला मिळाला.

मुंबई

१८७० च्या सुरुवातीला तेच ग्रेट ईस्टर्न मुंबईच्या समुद्रात आलं. ऊन लागून केबल खराब होऊ नये म्हणून काळं जहाज यावेळी पांढरं रंगवलं होतं. १८५८ चा धडा असा रंगात उतरला होता. फेब्रुवारीत मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकली गेली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत जूनमध्ये लंडनची लाइन सुरू झाली. त्याआधी जमिनीवरून, अनेक देशांच्या हद्दीतून जाणारी तार होती. संदेश रखडायचे, चुकायचे. आता उत्तर तासांत येऊ लागलं. आजही मुंबईतून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्राच्या त्याच वाटेने जातात. म्हणूनच जेद्दाजवळ काही तुटलं की आपल्याकडे व्हिडिओ कॉल अडकतो.

ही लाइन चालू झाली त्याच महिन्यात, जून १८७० मध्ये, मार्गारेट गेली.

तीन वर्षांनी थॉमसन ब्राझीलकडच्या केबलच्या कामासाठी हूपर नावाच्या जहाजावर होता. केबलमध्ये दोष निघाला आणि जहाज मदीरा बेटावर सोळा दिवस अडकलं. तिथल्या ब्लँडी कुटुंबाशी ओळख झाली, घरातल्या मुलींना त्याने दिव्याने संदेश पाठवायला शिकवलं. पुढच्या वर्षी तो स्वतःच्या बोटीने पुन्हा मदीराला गेला आणि त्यांतल्या फॅनीशी लग्न केलं. असं सांगतात की मागणी त्याने बोटीवरून सिग्नल देऊनच घातली आणि होकारही तसाच आला. नेटवर्क डाऊन झाल्यामुळे जमलेलं लग्न माझ्या माहितीत हे एकच!

१८९२ मध्ये तो लॉर्ड झाला. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून त्याने ते नाव घेतलं. म्हणजे तापमानाचं एकक शेवटी एका नदीच्या नावाचं आहे.

त्याचं सगळंच बरोबर आलं असं नाही. पृथ्वीचं वय त्याने काही कोटी वर्षांतच बसवलं; ते खरं तर साडेचारशे कोटींच्या पुढे आहे. क्ष-किरणांची बातमी त्याला आधी फसवणूक वाटली. नायगाराच्या धबधब्यावर वीज कशी बनवावी हे ठरवणाऱ्या आयोगाचा तो अध्यक्ष होता, तेव्हा त्याचा ओढा डीसीकडे होता. प्रत्यक्षात एसी जिंकली. मात्र खूप लांबवर वीज न्यायला आज पुन्हा डीसी वापरतात. आपल्याकडे चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची लाइन डीसीच आहे.

१८९९ मध्ये, पंचाहत्तरीला आल्यावर, त्याने प्राध्यापकी सोडली. आणि मग त्याच ग्लासगो विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं, दहाव्या वर्षी नोंदवलं होतं तसंच. १७ डिसेंबर १९०७ ला तो गेला. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनजवळ त्याला पुरलं आहे.